रेघ आडवी, गाडी उभी

पडद्यावर आकडे मांडणं हा माझा व्यवसाय आहे. कुठल्यातरी खोलीत कुणीतरी बसलेलं असतं, समोर पडदा असतो, आणि त्याकडे बघून त्या माणसाला लगेच काहीतरी ठरवायचं असतं: पंप सुरू करायचा का, रुग्णवाहिका कुठून काढायची, वस्तीतल्या लोकांना आज रात्रीच उठवायचं की सकाळपर्यंत थांबायचं. त्याला ठरवता यावं अशी मांडणी मी करते. हल्ली याला सगळे डॅशबोर्ड म्हणतात. या कामातलं मला जे काही कळतं, ते मी अनेकांकडून घेतलं. त्यातले बरेचसे शे-दोनशे वर्षांपूर्वी दूरदेशी होऊन गेले आणि त्यांचं नाव पुस्तकांत आहे. पण ज्यांच्याकडून सगळ्यांत आधी घेतलं आणि आजही घेते आहे, त्यांचं नाव कुठल्याच पुस्तकात नाही. ते माझे मामा. रेल्वेत सेक्शन कंट्रोलर होते.

सेक्शन कंट्रोलर प्रवाशांना कधी दिसत नाही. ड्रायव्हर दिसतो, गार्ड दिसतो, लाल-हिरवी झेंडी घेतलेला स्टेशन मास्तर दिसतो. कोणती गाडी आधी जाईल आणि कोणती बाजूला उभी राहील हे ठरवणारा माणूस मात्र स्टेशनापासून लांब, कंट्रोल ऑफिसात कानाला हेडफोन लावून बसलेला असतो. सेक्शनमधली सगळी स्टेशनं त्याच्या एका फोनवर. गाडी आली, गाडी सुटली, गाडी न थांबता निघाली, हे प्रत्येक स्टेशन त्याला सांगणार आणि मामांच्या काळात तो ऐकताऐकता ते समोरच्या कागदावर उतरवायचा. त्या कागदाचं नाव कंट्रोल चार्ट.

मध्य रेल्वेचा पुणे विभाग २००३ मध्ये वेगळा झाला. मी तेव्हा शाळेत होते आणि मामांकडे पुणे-मिरज सेक्शन होता. हा मार्ग अलीकडच्या काही वर्षांत टप्प्याटप्प्याने दुहेरी झाला. मामांच्या काळात एकेरी होता. एकेरी मार्गावर समोरासमोरून येणाऱ्या दोन गाड्या एकमेकींना ओलांडू शकतात त्या फक्त स्टेशनावर, एकीला लूप लाइनवर घेऊन. मिरजेकडे निघालेली कोयना एक्स्प्रेस वीस मिनिटं मागे पडली आणि समोरून मालगाडी येते आहे, तर त्यांचं क्रॉसिंग रहिमतपूरला घ्यायचं, तारगावला घ्यायचं, की मालगाडीला मसूरलाच दाबून ठेवायचं? ठरवायला दोन-चार मिनिटं मिळतात. मालगाडी मसूर सोडून निघाली की निर्णय हातातून गेला. आणि अशा एक नाही, एकाच वेळी सात-आठ गाड्या.

एवढं सगळं एक माणूस डोक्यात ठेवू शकत नाही. तो ते कागदावर ठेवतो.

मुदत संपून रद्दीत निघालेले जुने चार्ट मामा आमच्याकडे आणायचे. कागद जाड, मागची बाजू कोरी. त्या कोऱ्या बाजूवर मी गणितं सोडवायची आणि कंटाळा आला की कागद उलटायची. वर आडवे तास लिहिलेले. डाव्या कडेला वरून खाली स्टेशनं: सासवड रोड, फुरसुंगी, आळंदी, शिंदवणे, आंबळे, राजेवाडी, जेजुरी… थेट मिरजेपर्यंत. दोन स्टेशनांमधलं अंतर रुळांवर जितकं, त्या प्रमाणात कागदावर. आणि या फिकट जाळीवर पेन्सिलीच्या गडद तिरक्या रेघा, काही डावीकडून उजवीकडे उतरणाऱ्या, काही चढणाऱ्या. प्रत्येक रेघ म्हणजे एक गाडी.

ते वाचायला मामांनी मला शिकवलं, आणि शिकवायला त्यांना चार वाक्यं पुरली. "रेघ जितकी उभट, तितकी गाडी पळतेय. रेघ आडवी, गाडी उभी. दोन रेघा एकमेकींना छेदतात तिथं क्रॉसिंग. आणि ते छेदणं स्टेशनाच्या रेघेवरच पडलं पाहिजे." मी विचारलं, मधेच पडलं तर? मामा म्हणाले, "मग कागदावर अपघात झाला. कागदावर दिसला म्हणून रुळावर टळला."

लोणंदच्या पुढे सालपे, आदर्की आणि वाठार या पट्ट्यात मिरजेकडे जाणाऱ्या मालगाड्यांच्या रेघा एकदम कलंडायच्या. वाठार गेलं की पुन्हा सावरायच्या. मी आदर्की कधी पाहिलं नव्हतं. पण तिथे चढ असणार, दमछाक करणारा चढ, हे मला त्या कागदानं सांगितलं. मामांना विचारलं तर त्यांचा चेहरा उजळला. "घाट आहे तिथं. बोगदे आहेत. तुला कुणी सांगितलं?" कुणीच सांगितलं नव्हतं. वेळ आणि अंतर या दोनच गोष्टी कागदावर होत्या. घाट त्यांतून आपोआप उमटला होता. आकडे नीट मांडले की ज्याची नोंदच केलेली नाही तेही दिसू लागतं. याचा आनंद मला तेव्हा पहिल्यांदा मिळाला आणि तो अजून ओसरलेला नाही. मी या व्यवसायात आहे ती त्याच आनंदापायी.

पुढे पुण्यात शिकत असताना कॉलेजच्या ग्रंथालयात एडवर्ड टफ्टी यांचं 'द व्हिज्युअल डिस्प्ले ऑफ क्वांटिटेटिव्ह इन्फर्मेशन' हातात आलं. माहितीचं चित्र कसं काढावं या विषयातला हा पायाभूत ग्रंथ. टफ्टींना तो त्यांच्या मनासारखा छापायचा होता, म्हणून घर गहाण टाकून १९८३ मध्ये त्यांनी तो स्वतः प्रकाशित केला. हे सगळं मला नंतर कळलं. आधी दिसलं ते मुखपृष्ठ. त्यावर तिरक्या रेघांचं जाळं होतं: वर तास, कडेला स्टेशनं. पॅरिस ते लिऑं या मार्गाचा एकोणिसाव्या शतकातला चार्ट. फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ एत्येन-ज्यूल मारे यांनी आपल्या आलेखांवरच्या ग्रंथात तो छापला होता आणि पद्धतीचं श्रेय इब्री नावाच्या एका फ्रेंच इंजिनियरला दिलं होतं. मारे हे नाडीचे ठोके कागदावर उमटवणारं यंत्र बनवणारे गृहस्थ. नाडी काय, गाडी काय, काळाबरोबर बदलणारी प्रत्येक गोष्ट रेघेत पकडता येते असं त्यांना वाटायचं.

मी तिथूनच मामांना फोन लावला. जगातल्या उत्तम आलेखांत तुमच्या चार्टची गणना होते, म्हटलं. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "त्या फ्रेंच साहेबाचं नाव लिहून घे. आम्ही एवढी वर्षं त्याच्या कागदावर पोट भरतोय, आणि नाव माहीत नाही, हे बरं नव्हे."

त्या पुस्तकात टफ्टींनी मारेचा चार्ट घेऊन एक साधी गोष्ट दाखवली आहे: पाठीमागची जाळी फिकट केली की गाड्यांच्या रेघा पुढे येतात. मामांच्या कागदावर जाळी फिकटच छापलेली होती. तो कागद सहा तास डोळ्यांसमोर ठेवून काम करणाऱ्यांना जे लागलं, ते तिथे आधीच येऊन बसलं होतं. पुस्तकांबद्दल मला मनापासून आदर आहे. मामांच्या कागदात जे नकळत भिनलेलं होतं, त्याची कारणं मला पुस्तकांमुळे कळली.

कारणांपैकी सगळ्यांत महत्त्वाचं मिळालं ते विल्यम क्लीव्हलंड आणि रॉबर्ट मॅकगिल यांच्याकडून. अमेरिकेतल्या बेल लॅब्जमधल्या या दोघांनी १९८४ मध्ये एक शोधनिबंध छापला. माणसाचा डोळा कोणत्या खुणेवरून आकडा किती अचूक ओळखतो, हे त्यांनी प्रयोग करून तपासलं. एकाच मापपट्टीवरची जागा डोळा सर्वांत अचूक वाचतो. त्यानंतर लांबी, मग कोन आणि उतार, मग क्षेत्रफळ, मग घनफळ, आणि रंगाची गडद-फिकट छटा सर्वांत शेवटी. ही उतरंड मी माझ्या टेबलासमोर लावून ठेवली आहे. कारण मला रोज कुणीतरी सांगतं की आम्हाला गाडीच्या काट्यासारख्या गोल तबकड्या हव्यात, त्रिमितीतले गोल तुकडे हवेत, सगळीकडे लाल-पिवळं-हिरवं हवं. म्हणजे उतरंडीच्या वरच्या पायऱ्या सोडून खालच्या मागतात. एक तबकडी पडद्याचा केवढा भाग खाते आणि सांगते काय, तर आत्ताचा एक आकडा. मघाशी किती होता, किती असायला हवा होता, वाढतोय की कमी होतोय, यातलं काहीच नाही. स्टीव्हन फ्यू यांनी डॅशबोर्डवरच्या आपल्या २००६ च्या पुस्तकात अशा तबकड्यांऐवजी एक बारीक आडवी पट्टी सुचवली: प्रत्यक्ष आकडा एका गडद दांडीत, अपेक्षित आकडा एका छोट्या उभ्या खुणेत, आणि बरं-वाईट यांच्या मर्यादा मागच्या छटांत. तबकडीच्या जागेत अशा सहा-सात पट्ट्या मावतात आणि एकमेकींशी ताडूनही बघता येतात. मामांच्या चार्टवर हीच गोष्ट वेगळ्या रूपात होती. येत्या तासाभरात गाड्या कशा धावतील याचा अंदाज ते हलक्या हातानं पुढे आखून ठेवत. त्याला ॲडव्हान्स प्लॉटिंग म्हणायचं. गाडी प्रत्यक्षात कशी गेली ती रेघ नंतर ठळक उमटायची. दोहोंमधली फट म्हणजे उशीर. ती वजाबाकी करून कुणी लिहीत नव्हतं, ती दिसत होती.

विल्यम प्लेफेअरबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण ऋण मानण्याची रीत मला त्याच्याकडे सापडली. आज वर्तमानपत्रात दिसणारे रेषालेख आणि स्तंभालेख त्यानं १७८६ मध्ये आपल्या 'कमर्शियल अँड पोलिटिकल ॲटलास' या पुस्तकात इंग्लंडच्या व्यापारासाठी काढले. त्यात जवळपास सगळे काळाचे रेषालेख होते. स्तंभालेख एकच, स्कॉटलंडच्या आयात-निर्यातीचा. तोही नाइलाजानं, कारण स्कॉटलंडचे एकाच वर्षाचे आकडे हाती होते. काळ दाखवता येत नाही म्हणून ते चित्र त्याला उणं वाटायचं. १८०१ मध्ये त्यानं गोलालेखही काढला. व्यवहारात हा माणूस जन्मभर चाचपडला; कर्जं झाली, तुरुंग पाहिला. पण एक देणं त्यानं जाहीरपणे मान्य केलं. वडील वारले तेव्हा तो लहान होता. थोरला भाऊ जॉन, पुढे एडिनबरोला गणिताचा प्राध्यापक झालेला, त्यानं याला वाढवलं. या भावानं त्याच्याकडून रोजच्या तापमानाची नोंद करवून घेतली आणि शिकवलं की जे आकड्यात सांगता येतं ते रेघांत दाखवता येतं. आपली सगळी कल्पना तिथून आली, असं विल्यमनं पुढे छापून सांगितलं. हे वाचल्यावर मला वाटलं, मीही कुठेतरी लिहून ठेवायला हवं. हा लेख त्या वाटण्यातून आलेला आहे.

रंगांविषयी मामा फार काटेकोर. चार्टवर मेल-एक्स्प्रेसला एक रंग, पॅसेंजरला दुसरा, मालगाडीला तिसरा. पण रंग पुसून टाकला तरी चार्ट वाचता आला पाहिजे, असं ते म्हणत, आणि तो यायचाही, कारण गाडीचा क्रमांक रेघेवरच लिहिलेला असे. कोपऱ्यात वेगळी सूची नाही, सूचीकडे बघून परत रेघेकडे यायचं नाही. रेल्वेतल्या माणसाला रंगांबद्दल ही सावधगिरी असणं साहजिक आहे. गाडी चालवणाऱ्याला सिग्नलचे रंग ओळखता आले पाहिजेत, म्हणून ठिपक्यांत लपलेले आकडे वाचायला लावून डोळे तपासतात. जपानी नेत्रतज्ज्ञ शिनोबू इशिहारा यांनी १९१७ मध्ये प्रसिद्ध केलेले तक्ते ते. पण पडद्यासमोर बसणाऱ्याचे डोळे असे कुणी तपासत नाही. युरोपीय वंशाच्या पुरुषांत साधारण बारातल्या एकाला लाल-हिरवा भेद नीट कळत नाही. आपल्याकडे प्रमाण कमी, पण आहेच. म्हणून माझा प्रत्येक पडदा मी एकदा काळ्या-पांढऱ्यात छापून बघते. त्यात जे हरवतं ते रंगाच्या भरवशावर ठेवलेलं होतं, असं समजून दुरुस्त करते. आणि सगळं ठीक असेल तर मी हिरवा रंग वापरत नाही. ठीक असलेल्या गोष्टीनं डोळ्याला हाक मारायची गरज नाही. सगळा पडदा राखाडी आणि लक्ष घालायचं तिथेच रंग.

मामांच्या नोकरीच्या शेवटच्या काळात कंट्रोलमध्ये संगणक आला. आता रेघ यंत्र ओढतं. मामांना पेन्सिल सुटल्याचं वाईट वाटलं, पण पडद्यावर आलेलं चित्र तेच होतं याचं त्यांना समाधान होतं. पाळी बदलताना चार्ज घेणारा कंट्रोलर आधीच्याच्या पाठीमागे उभा राहून चार्ट वाचतो. गाडी कुठे का अडली याचं कारण तिथेच, त्या आडव्या रेघेजवळ, एक-दोन शब्दांत लिहिलेलं असतं: ब्लॉक, कॉशन ऑर्डर, इंजिन बिघाड. दोन-पाच मिनिटांत सहा तासांचा हिशोब नव्या माणसाच्या डोळ्यांत उतरतो आणि जुना उठतो. मी नवा पडदा तयार केला की तो आधी कधी न पाहिलेल्या माणसाला पाठीमागे उभं करते आणि काही न सांगता विचारते, आत्ता काय चाललंय? ही परीक्षा मामांच्या पाळीबदलावरून घेतलेली आहे.

आता मामांचा चार्ट मला सगळ्यांत जास्त उपयोगी पडला त्या नदीकडे येते. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेनं ५७ फुटांची पातळी ओलांडली. इशारा ४० फुटांना, धोका ४५ ला. आमचं सांगलीतलं घर उंचावर, त्यामुळे आम्ही वाचलो. ओळखीचे कितीतरी जण वाचले नाहीत, म्हणजे जीव वाचला, संसार गेला. त्यानंतर एका नियंत्रण कक्षासाठी पाण्याचा पडदा करण्याचं काम माझ्याकडे आलं. तिथे फोनवर बसणाऱ्या एक ताई होत्या. मी त्यांच्या शेजारी खुर्ची टाकून बसले आणि त्यांचंही माझ्यावर मोठं ऋण झालं.

ताईंपुढे नोंदवही होती. वेळ, कोयना धरणाचा साठा, टक्के, विसर्ग क्युसेकमध्ये, पाऊस, आणि आयर्विनची पातळी फूट-इंचांत. सगळं खरं आणि सगळं गरजेचं. पण फोनवर लोक विचारायचे ते एकच: "ताई, पाणी आमच्याकडं येणार का? आणि कधी?" ताई वहीतल्या आत्ताच्या ओळीवर एक बोट ठेवायच्या, मागच्या तासाच्या ओळीवर दुसरं, मनात वजाबाकी करायच्या आणि सांगायच्या, "तासाला दोन इंचानं चढतंय. रात्रीपर्यंत आवरून घ्या." ती दोन बोटं म्हणजे मला हवा असलेला पडदा होता. पातळी जितकी महत्त्वाची, तितकाच तिचा वेग. तो रेघेच्या उतारात दिसतो. आकड्यांच्या रकान्यात तो ताईंना डोक्यात काढावा लागत होता, एकीकडे फोन वाजत असताना.

मग या रेघेच्या उभ्या मापपट्टीवर काय लिहायचं? चाळीस आणि पंचेचाळीस तर आलेच. पण ताई म्हणाल्या, "फुटानं कुणाला काय कळतंय? सूर्यवंशी प्लॉट लिहा, काकानगर लिहा, दत्तनगर, कर्नाळ रोड." कोणत्या पातळीला पाणी कुठल्या गल्लीच्या तोंडाशी येतं हे त्यांना पाठ होतं. त्या सांगत गेल्या आणि मी पट्टीवर गावं मांडावीत तशा वस्त्या मांडत गेले. आता पाण्याची रेघ वर चढते ती वस्त्यांच्या नावांमधून. मागे २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुराच्या रेघा फिकट राखाडीत आहेत. पाणी २०१९ च्या वाटेनं निघालंय का, हे विचारणाऱ्याला उत्तर समोर मिळतं. पट्टी मी तीस फुटांपासून सुरू केली. यावर एका अधिकाऱ्यांनी शंका घेतली की आलेख शून्यापासून नको का? स्तंभ असतील तर हवाच, कारण स्तंभाची लांबी वाचली जाते आणि तळ कापला की लांबी खोटं बोलते. रेघेत वाचायची असते ती जागा आणि उतार. पुराच्या दिवसांत तीस फुटांखालच्या पाण्याला जागा दिली असती तर तासाचे दोन इंच दिसलेच नसते.

धरणाच्या टक्क्यांचं तर वेगळंच. कोयनेची क्षमता १०५.२५ टीएमसी. "धरण ८० टक्के भरलं" हे वाक्य जुलैत काळजीचं आहे, कारण अजून निम्मा पावसाळा यायचाय आणि पोटात जागा उरलेली नाही. तेच वाक्य सप्टेंबरअखेर पाणी कमी पडण्याची चिंता लावतं. टक्क्याच्या शेजारी त्या तारखेला किती साठा असायला हवा हे नसेल, तर तो आकडा पडद्यावर नसलेला बरा.

आणि सगळ्यांत जिवावरची गोष्ट म्हणजे न आलेला आकडा. पुरात वीज जाते, पुलावरचा माणूस पोचू शकत नाही, मोजणी थांबते. पण पडद्यावर मघाचा आकडा तसाच झळकत राहतो, ताजा असल्यासारखा. बघणाऱ्याला वाटतं पाणी स्थिर आहे. मामांच्या चार्टवर हे होऊच शकत नव्हतं. स्टेशनानं कळवलं नाही तर रेघ तिथेच संपायची, पुढे कोरा कागद, आणि तो कोरेपणा बघून मामा फोन उचलायचे. म्हणून माझ्या पडद्यावर नोंद थांबली की रेघ तुटते, आकड्याचा ठळकपणा जातो आणि शेवटची नोंद किती वाजताची ते मोठ्या अक्षरांत येतं. अहवालांत "माहिती अद्ययावत" असं छापलेलं असतं, तेवढ्यानं भागत नाही. या एका बाबतीत मी कुणाचंही ऐकत नाही.

एवढं झाल्यावरही "कधी?" हा प्रश्न उरलाच होता. कोयना कराडला प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते आणि पाणी तिथून खाली सरकत येतं. कराडचा कृष्णा पूल, बहे, ताकारी, भिलवडी, आयर्विन, अंकली, अशा पुलांवरच्या पातळ्या रोज नोंदल्या जातात. ही नावं मी एकाखाली एक लिहिली आणि थांबले. कराड, ताकारी, भिलवडी, सांगली. ही तर मामांच्या कागदाची डावी कड होती. रूळ आणि नदी एकाच खोऱ्यातून उतरतात, त्यांची स्टेशनंही एकच. मी कडेला पूल मांडले, अंतराच्या प्रमाणात. वर तास मांडले. प्रत्येक पुलावर पाणी सर्वांत उंच कधी होतं तिथे ठिपका दिला आणि ठिपके जोडले. पुराची लाट कागदावर मालगाडीसारखी तिरकी उतरत आली. भिलवडीला माथा गेल्यावर आयर्विनला तो साधारण किती तासांनी येतो, हे कुठलाही हिशोब न करता दिसू लागलं.

नदी गाडीसारखी वागत नाही, हे खरं. लाट वाटेत पसरते, बुटकी होते, ओढे येऊन मिळतात, आणि सांगलीखाली हरिपूरला वारणा भेटते. वारणा फुगलेली असली की कृष्णेला वाट मिळत नाही आणि सांगलीचं पाणी तुंबतं. अशा दिवसांत भिलवडी ते आयर्विन ही रेघ लोळते. ताईंना मी ते दाखवलं तर त्यांना लगेच कळलं. "म्हणजे पाणी अडून राहिलंय," म्हणाल्या. मामांनी मला शिकवलं होतं ते नेमकं हेच, फक्त गाडीच्या जागी पाणी.

मामा आता निवृत्त होऊन सांगलीतच आहेत. छापील कागद घेऊन मी त्यांच्याकडे गेले. त्यांनी चष्मा लावला, कागद टेबलावर पसरला, बोट कराडवरून खाली आणत आणत अंकलीपाशी थांबवलं. "चांगलं आहे," म्हणाले, आणि लगेच, "पण कागद इथंच का संपवलास? पाणी काय अंकलीला उतरून घरी जातं? म्हैसाळ कुठंय, राजापूर बंधारा कुठंय? नरसोबावाडीला पंचगंगा येऊन मिळते, ती दाखवल्याशिवाय कुरुंदवाड-शिरोळच्या लोकांनी काय बघायचं?"

म्हैसाळच्या पुढचा भाग कोल्हापूर जिल्ह्यात येतो, तिथल्या नोंदी वेगळ्या कार्यालयाकडून घ्याव्या लागतात, असं मी सांगितलं. मामा म्हणाले, "सेक्शन बदलला म्हणून गाडी थांबत नसते. शेजारच्या कंट्रोलला फोन करायचा."

तसा फोन केला. म्हैसाळ आणि राजापूरचे आकडे आता मिळू लागले आहेत. पंचगंगा कशी दाखवायची यावर मात्र आमचं अजून जमत नाही. मामांचं म्हणणं, मिरजेहून कोल्हापूरला फाटा जातो तसा तिचा पट्टा त्याच कागदावर खालच्या बाजूला घे. माझं म्हणणं वेगळं. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याचा इशारा ३९ फुटांना आणि धोका ४३ ला. आयर्विनच्या चाळीस-पंचेचाळीसशेजारी ते आकडे आले की घाईत कुणाचा तरी गोंधळ होईल, म्हणून वेगळा कागद हवा. दोन्ही काढून ताईंच्या पाठीमागे उभं राहायचं ठरलंय. ताई जो वाचतील तो ठेवू.